गर्दीतली तोंडं दिसतील असा टीव्ही

दर सहा डिसेंबरला शिरूरच्या आमच्या वस्तीतल्या बायका पांढरी पातळं नेसून आईच्या घरी टीव्ही बघायला जमायच्या. महामानवाला अभिवादन करायला दादरच्या चैत्यभूमीवर लोटलेली माणसं सरकारी वाहिनीवर थेट दाखवत, आणि ज्यांना जाणं जमलं नाही त्या इथूनच हात जोडत. बाकीच्या बायका स्तूप बघायच्या, फुलं बघायच्या, कुठला पुढारी आला आणि कुणी कसली साडी नेसलीय तेही बघायच्या. आई फक्त रांगेतल्या पुरुषांची तोंडं बघायची. तिचा थोरला मुलगा, म्हणजे माझा भाऊ, घरातून निघून गेला होता आणि तो त्या रांगेत दिसेल याची तिला खात्री होती.

भाऊ सणसवाडीला एका कंपनीत कंत्राटावर होता. नव्वदनंतर तिकडं कारखाने उभे राहिले आणि केंदूर म्हणू नका, निमोणे म्हणू नका, सगळीकडची पोरं तिकडं धावली, तसा हाही गेला. भाड्याच्या खोलीत यूपी-बिहारच्या पोरांबरोबर राहायचा, सुट्टीला घरी यायचा आणि सुपरवायझरची नक्कल करून आईला हसवायचा. कायम होण्याची आशा होती, ती दोनदा हुकली. वडील शाळेत शिपाई होते. नोकरी कायम असणं हीच त्यांच्या लेखी माणूस असण्याची खूण. दुसऱ्यांदा हुकली तेव्हा ते त्याला जेवता जेवता वाट्टेल ते बोलले आणि शेवटी म्हणाले, "परमनंट झाल्याबिगर घरी तोंड दावू नगंस."

त्यानं जेवण पुरं केलं, ताट मोरीत नेऊन ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा ड्यूटीला गेला. पुढच्या सुट्टीला आला नाही. वडील बघायला गेले तर खोलीवरची पोरं म्हणाली, "वो तो हिसाब करके चला गया, चाचा. बोला गाँव जा रहा हूँ." गाव म्हणजे आम्हीच. आमच्याकडं तो कधी पोचलाच नाही.

पोलीस झाले, पाहुणेरावळे झाले, पुणे, मुंबई, सुरत, जिथं कुणाच्या ओळखीचं कुणी होतं तिथं सगळीकडं विचारून झालं. वडील त्या दुःखानं खंगले. "बाप बोलतो तसं बोललो मी, त्यानं खरं धरलं," असं येईल त्याला सांगायचे. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची, आणि त्यातलं जास्त काय होतं हे मला आजही ठरवता येत नाही.

आई मात्र एका गोष्टीवर ठाम होती. "कुठंबी असला, कसाबी असला, तरी सहा डिसेंबरला दादरला गेल्याबिगर ऱ्हायचा न्हाई त्यो." यात वेडेपणा काहीच नव्हता. आमच्याकडं माणूस लग्नाला चुकेल, मयतीला चुकेल, दादरला चुकणार नाही. भाऊ तर वडिलांच्या खांद्यावर बसायच्या वयापासून जात होता. एकदा अंगात ताप असताना त्याला घरी ठेवलं तर त्यानं एवढा गोंधळ घातला, की वडील अर्ध्या वाटेवरून परत येऊन त्याला घेऊन गेले. म्हणून भाऊ गेल्यावरही आईवडील दरवर्षी दादरला जात राहिले. पुस्तकांच्या दुकानांपाशी थांबायचे, जेवणाच्या पंगतीपाशी थांबायचे, आणि रांग पुढं सरकायची तशी मागं वळून वळून माणसं बघायचे. वडील वारले, मग आईला दमा जडला, आणि तिचं जाणं बंद पडलं. त्यानंतर टीव्ही हेच तिचं दादर झालं.

पहिल्याच वर्षी तिला तो दिसला. मी दौंडला शाळेत विज्ञान शिकवते, सासरही तिथलंच. त्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं न्हावऱ्यावरून शिरूरला पोचले तेव्हा कार्यक्रम सुरू झाला होता. आई पडद्याला नाक लावून बसली होती. एकदम ओरडली, "त्यो बघ! पांढऱ्या शर्टातला! पोरगं हाय खांद्यावर!" मी बघितलं. आमच्या जुन्या डबडा टीव्हीवर केबलच्या मुंग्या चालत होत्या. त्या मुंग्यांत एक पांढरा ठिपका होता आणि त्याच्यावर आणखी एक लहान ठिपका होता. मी काही म्हणणार तेवढ्यात शेजारची मावशी म्हणाली, "व्हय गं बाई, चाल तीच हाय." दुसरी म्हणाली, "मान तिरपी धरायची खोड हाय न्हवं त्याची, तीच ती." आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मी फटकळ म्हणून साऱ्या वस्तीत प्रसिद्ध आहे, पण त्या दिवशी मी तोंड मिटून चहा ठेवायला उठले.

पुढं दरवर्षी तो दिसत गेला. एका वर्षी त्याच्याबरोबर निळ्या साडीतली बाई होती, म्हणजे सूनबाई. एका वर्षी तो जरा सुटलेला वाटला, तेव्हा आईनं सुनेच्या हाताचं कौतुक केलं. खांद्यावरचं पोर खाली उतरून चालायला लागलं. मग आणखी एक झालं, ती मुलगी. वर्षातून एकदा दिसणाऱ्या त्या ठिपक्याचा आईनं पुरा संसार मांडला होता, आणि वस्तीतल्या बायका त्यात मनापासून भर घालत होत्या. त्यांना खरं काय ते कळत नव्हतं असं नाही. त्यातल्या एकीनं मला नळावर गाठून सांगितलं, "तू शाळेतली अक्कल हितं पाजळू नगंस बरं का. म्हातारी वरीसभर त्याच्यावर जगती." आणि ते खरंच होतं. डिसेंबर झाला की आई चांगली जेवायची, दमा कमी व्हायचा, चार घरी जाऊन बोलायची.

मग त्या टीव्हीची चित्राची नळी गेली. चित्र तांबूस झालं, कडा पसरायला लागल्या, आणि एका सहा डिसेंबरला सबंध दिवस बघूनही आईला तो दिसला नाही. बायकांनी दाखवायचा प्रयत्न केला, पण त्या तांबड्या चिखलात पांढरा शर्टही पांढरा दिसत नव्हता. आई संध्याकाळी जी आडवी झाली ती उठेना. दौंडला आणली, औषधपाणी केलं. तिचं एकच पालुपद होतं, "यंदा आला न्हाई गं त्यो. काय तरी झालंय त्याला." मी म्हटलं, अगं, टीव्ही बिघडलाय. तर म्हणाली, "मग चांगला आण."

तोवर बाजारात सपाट पडद्याचे टीव्ही आले होते आणि त्यांचे दोन प्रकार झाले होते. एक एचडी रेडी, एक फुल एचडी. पहिल्यात सातशेवीस रेघांचं चित्र, दुसऱ्यात एक हजार ऐंशी. चित्र रेघारेघांनी बनतं, रेघा जास्त तितकं बारीक दिसतं, एवढं मला कळत होतं. बाकीचं मी सायबर कॅफेत बसून वाचलं. त्यात पुन्हा एक भानगड. काही चित्रं सगळ्या रेघा एकदम काढतात, काही आधी एक सोडून एक काढतात आणि मग उरलेल्या भरतात. दुसऱ्या तऱ्हेत हलणाऱ्या वस्तूंच्या कडा दातेरी दिसू शकतात. रांगेतली माणसं तर हलणारच. म्हणजे मला कुणी तरी हे सांगायला हवं होतं, की सरकत्या गर्दीतलं तोंड कशात ओळखू येईल.

आमचे हे रेल्वेत. सगळ्या गोष्टी वेळापत्रकासारख्या सरळ असाव्यात अशी त्यांची अपेक्षा. "सासूबाईंना टीव्ही घ्यायचाय का उपग्रह सोडायचाय?" म्हणाले. तरी बरोबर आले. दौंडच्या दुकानात भिंतभर टीव्ही लावले होते आणि सगळ्यांवर मासे पोहत होते. मग फुलं उमलली, मग एक पोपट आला. पोपटाचं पीस न् पीस मोजून घ्यावं असं चित्र. दुकानदार म्हणाला, "बघा ताई, फुल एचडीची मजा."

मी म्हटलं, "पोपट राहू द्या. माणसांची गर्दी दाखवा."

"गर्दी?"

"गर्दी. चालणारी. जी रोज टीव्हीवर येते तसली."

तो बुचकळ्यात पडला. डेमोच्या सीडीत गर्दी नव्हतीच. शेवटी माझ्या हट्टापायी त्यानं केबल जोडली, बातम्या लावल्या, आणि कुठल्याशा मोर्चाचं दृश्य आलं. एचडी रेडी काय आणि फुल एचडी काय, दोन्हीवर तोंडांच्या जागी पिठाचे गोळे. उलट मोठ्या पडद्यावर गोळे मोठे झाले होते. मी त्याला फाडफाड बोलायला लागले तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "ताई, आपल्याकडं प्रक्षेपणच साधं येतंय अजून. तिकडनं येतात त्याच रेघा कमी. टीव्ही काय घरच्या रेघा घालणार का?" वाचलेलं सगळं माझ्या डोक्यात होतं, पण ही गोष्ट मी बघायची टाळली होती. निदान केबल सोडून डिशची छत्री बसवा, मुंग्या तरी जातील, जवळनं दाखवलेली तोंडं साफ दिसतील, एवढा सल्ला त्यानं दिला.

परतताना काय झालं म्हणून यांनी विचारलं तर म्हटलं, डोकं दुखतंय. खरं म्हणजे मला भीती वाटायला लागली होती. आई त्या मुंग्यांवर जगली होती. मुंग्या गेल्या, तोंडं साफ दिसली आणि तो पांढऱ्या शर्टातला दुसराच कुणी निघाला तर? आणि नवीन टीव्ही आणलाच नाही तर तो तिला दिसणारच नाही, आणि ती त्याला मेला समजून स्वतःही जाईल. मी सातशेवीस आणि एक हजार ऐंशीचा घोळ घालत बसले होते, पण आईला किती दिसू द्यायचं हे मला ठरवायचं होतं. ते माझ्यानं ठरेना. मनाच्या एका कोपऱ्यात मलाही वाटत होतं, की चित्र स्वच्छ आलं तर तो खरोखरच दिसेल. त्याची बहीणच ना मी.

शेवटी आईलाच शिरूरच्या दुकानात घेऊन गेले. तिचा टीव्ही, तिचा मुलगा, तीच ठरवू दे, असं म्हणून मी अंग काढून घेतलं. दुकानदारानं दोन टीव्ही शेजारी शेजारी लावून दोन्हींवर एकच मराठी मालिका सुरू केली. आईनं चष्मा पदरानं पुसला आणि दोन्ही पडद्यांपुढं बराच वेळ उभी राहिली. मी हळूच म्हटलं, "आई, उजवीकडच्यात रेघा जास्त आहेत."

"रेघा ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "उजवीकडं समदी गोरी दिसत्यात. ह्ये बघ, ह्यो डावीकडं सावळा हाय, त्योच उजवीकडं लालबुंद. आपलं पोरगं सावळं हाय. ह्यात त्याला मी वळखायची कशी?"

दुकानातले टीव्ही गिऱ्हाइकाला भुलवायला भडक करून ठेवतात. त्यात तो उजवीकडचा जास्तच भडक होता. दुकानदार म्हणाला, "मावशी, रंग कमी करून देतो की, हे एवढं बटण दाबलं की झालं."

"आत्ता कमी करशीला. घरी नेल्यावर पुन्हा गोरा झाला म्हंजी?"

माझी सगळी सायबर कॅफेची विद्या तिनं एका वाक्यात बाजूला ठेवली आणि डावीकडचा, कमी रेघांचा, एचडी रेडी घेतला. छत्रीही बसवून घेतली. टीव्ही घरी लागला तेव्हा तिनं त्याला दाराचा जुना पडदा पांघरून ठेवला आणि सहा डिसेंबरपर्यंत कुणाला फारसा लावू दिला नाही. झिजेल म्हणाली.

त्या सकाळी वस्तीतल्या झाडून साऱ्या बायका आल्या. नवीन टीव्हीचं अप्रूप होतंच. वंदना झाली, आईनं पडदा काढला, मी रिमोट दाबला. लांबून दाखवलेली गर्दी अजूनही पिठासारखीच होती. पण मुंग्या नव्हत्या, आणि कॅमेरा रांगेच्या जवळून फिरायला लागला तशा बायका पडद्याजवळ सरकल्या. घामेजलेली कपाळं दिसत होती. कुणाच्या शर्टावरचा बिल्ला, कुणाच्या हातातलं मेणबत्तीचं पुडकं, एका म्हाताऱ्याचा पडलेला दात. "अगं बया," एक बाई म्हणाली, "तोंडावरचा तीळबी दिसतुया."

थोड्या वेळानं शेजारच्या मावशीनं सवयीनं बोट केलं, "त्यो बघा आक्का, पांढऱ्या शर्टातला."

सगळ्यांनी बघितलं. पांढऱ्या शर्टातल्या माणसानंही कॅमेऱ्याकडं बघितलं. रुंद नाक, दाट मिशी, डाव्या भुवईवर जुनी खोक. कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी बाप. मावशीचं बोट आपोआप खाली आलं. "न्हाई," आई म्हणाली, "त्यो न्हाई."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. मग दुसरा आला, तिसरा आला. एकाच्या खांद्यावर पोर होतं. प्रत्येकाचं तोंड लख्ख दिसायचं आणि प्रत्येकाला आई म्हणायची, "त्योबी न्हाई." आवाज चढवत नव्हती, रडत नव्हती. बायकांना बघवेना. "विहारात जायचंय," "पोरं शाळेतनं येतील," असं म्हणत एकेक उठली. मावशी शेवटी गेली. जाताना तिनं माझ्याकडं जे बघितलं त्यात मला पुरेपूर शिव्या होत्या. मी काही त्या परतवल्या नाहीत.

घरात आम्ही दोघीच राहिलो. पडद्यावरून माणसं जात होती. मी म्हटलं, "बंद करू का, आई?" तिनं नाही म्हणून मान हलवली. 

"समदं सोच्छ दिसतंय गं. टीव्हीची काय चूक न्हाई." धाप लागली म्हणून थांबली. "पर मी हुडकतीय कुणाला? गेला तवा मिसरूड नुकतं फुटलेलं पोरगं व्हतं. मी त्येच हुडकतीया. त्ये आता कुठनं दिसंल?"

 तिनं त्याला बायको दिली, मुलं दिली, वजनसुद्धा वाढवलं, पण तोंड तिनं होतं तेच ठेवलं होतं. अंधूक पडद्यावर ते चालून गेलं. आता रांगेतला चाळिशीकडं झुकलेला प्रत्येक पुरुष तिच्या डोळ्यांसमोरून स्वच्छ जात होता आणि त्यातला तिचा कोण, हे जन्म देऊनही तिला सांगता येत नव्हतं. कदाचित तो त्या सकाळी तिथून गेलाही असेल. त्यालाच बघून ती "त्योबी न्हाई" म्हणाली असेल. 

"तुमी दोघं पाठोपाठची," आई म्हणाली. "जरा हिकडं बघ."

तिनं माझी हनुवटी धरली आणि तोंड खिडकीच्या उजेडाकडं वळवलं. टीव्हीकडं तिची पाठ झाली. ती माझं कपाळ बघायला लागली. चष्मा वर सरकवून, पुन्हा खाली घेऊन बघत होती. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांवरून तिनं अंगठा फिरवला. कानाजवळचे केस मागं सारले आणि म्हणाली, "हितं पिकलंय तुझं. त्याचंबी हितंच पिकलं असंल." मग गाल दाबून बघितले. "हितं जरा भरला असंल. तुझ्यावानीच."

मी हलले नाही. टीव्हीवर कुणी तरी भाषण करत होतं, ते आम्ही दोघींनी ऐकलं नाही.  माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेही तिनं पुसलं नाही, नुसतं बघत राहिली, सगळं नीट पाठ करून घ्यावं तशी. मग माझ्या तोंडाकडं बघत बघतच तिनं त्याला हाक मारली, लहानपणी मारायची त्या नावानं.

मी ओ दिली.